हॉर्न वाजल्याशिवाय

४ एप्रिल

बारक्या,

हॉर्न वाजत नाही.

दोन रात्रींसाठी या तळ्याकाठच्या तळावर थांबलो होतो. निघायच्या सकाळी तुझ्या वहिनीने खुर्च्या आत घेतल्या, मी पाण्याची नळी गुंडाळली, स्टिअरिंगवर बसलो आणि बटण दाबलं. काही नाही. खुर्च्या परत बाहेर काढल्या.

कॉम्प्रेसर चालतो. टाकी भरते, काटा जिथे जायचा तिथे जातो. बटण दाबल्यावर मात्र साधं 'टक्'सुद्धा होत नाही. छतावरचे दोन्ही भोंगे रस्त्याकडे तोंड करून मुके बसले आहेत.

तू म्हणशील, गाडीला साधा हॉर्नही आहे, तो वाजव आणि नीघ. त्याला मी हॉर्न मानत नाही. मी आयुष्यभर आगीचा बंब चालवला. आमच्या केंद्रात पाळी सुरू झाली की आधी हॉर्न, मग चाक. ज्या सकाळी हॉर्न वाजला नाही त्या सकाळी तो बंब बाहेर पडला नाही, दुसरा गेला. घर विकून ही घरगाडी घेतली म्हणून नियम बदलावा असं मला वाटलं नाही. हॉर्न वाजल्याशिवाय चाक हलणार नाही. आणि इथे दुसरा बंब नाही.

तू दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करतोस. हवा ती हवाच, दातात सोडा की भोंग्यात. काय काय तपासायचं ते लिहून पाठव. इथे फोन लागत नाही. तुझी वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून अशीच जागा शोधत होती.

जूनअखेर तुझ्या अंगणात पोचायचं ठरलं आहे, ते ठरलेलंच आहे. आता पुढचा सगळा मुक्काम तिथेच. फाटकाजवळचा तो मोठा दगड काढून ठेव. मागचं चाक त्यावर चढेल.

दादा

&nbsp;

११ एप्रिल

दादा,

'टक्' होत नाही म्हणजे वीज झडपेपर्यंत पोचत नाही. टाकीत हवा आहे, पण तिला दार उघडणारं कोणी नाही. आधी फ्यूज बघ. मग रिले. मग बटणापासून झडपेपर्यंतची तार, विशेषतः डॅशबोर्डखाली, जिथे ती वाकते. तार ठीक असेल तर झडप अडकली असेल. ती सोड, आतलं गंजाचं पाणी पूस, परत बसव.

टाकीच्या बुडाशी एक छोटी चावी आहे. ती उघडून पाणी काढून टाक. हवा दाबली की पाणी सुटतंच. माझे निम्मे डॉक्टर हे विसरतात आणि मग पेशंटच्या तोंडात फवारा उडाला की मला बोलावतात. पाइपच्या सांध्यांना साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तर तिथे हवा निसटते आहे.

तासाभराचं काम आहे. संध्याकाळपर्यंत तू रस्त्याला लागशील.

अंगण जागेवर आहे. घाई मात्र करू नकोस. वाटेत बघण्यासारखं पुष्कळ आहे.

बारक्या

&nbsp;

१८ एप्रिल

प्रिय भाऊजी,

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर द्याल ते निराळ्या पाकिटात, तळाच्या ऑफिसातल्या बाईंच्या नावे द्या. त्या मला हातात देतील. एक्स्चेंजमध्ये असताना दुसऱ्यांची गुपितं ऐकण्यात जन्म गेला. आता एखादं आपलंही असावं.

तासाभराचं काम आहे असं तुम्ही लिहिलंत. तुमची हुशारी माझ्या मुळावर आली.

गेलं वर्षभर मी चालत्या घरात राहते आहे. डाळीच्या डब्याला दोरी, कपाटाला कडी, आणि झोपताना कुठल्या गावात आहोत ते आठवायचं. तक्रार नाही. पण इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी गाडीच्या मागच्या बाजूला टोमॅटोची रोपं लावली. उगाच, गंमत म्हणून. त्यांना आता काठ्या लावायला आल्या आहेत. शेजारच्या गाडीतली शिंपीणबाई रोज सकाळी मला तळ्यावर पोहायला नेते. या वयात मी पाण्यावर उताणी पडायला शिकले. टोमॅटोला चाकं नसतात, भाऊजी.

म्हणून तुमचं पत्र आलं त्या दुपारी, हे पाणी आणायला गेलेले असताना, मी शिडी लावून छतावर चढले आणि दोन्ही भोंग्यांत भांडी घासायचा स्पंज कोंबला. मूळ बिघाड काय आहे देव जाणे. तो सुटला तरी आवाज फुटू नये एवढी तजवीज करून ठेवली.

आता तुम्ही एवढंच करा. उपाय सांगा, पण लांबणीचे सांगा. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असं काहीतरी. बंब तर घरातच आहे. टोमॅटो लाल होईपर्यंत मला इथे राहू द्या. मग अंगण आहेच.

तुमची,
वहिनी

&nbsp;

२५ एप्रिल

वहिनी,

तुम्ही निश्चिंत राहा. लागेल तितके दिवस राहा. टोमॅटो लाल झाल्यावर वांगी लावली तरी चालतील.

स्पंज पिवळा असेल तर बाहेरून दिसेल. काळं फडकं जास्त चांगलं.

बारक्या

&nbsp;

२५ एप्रिल

दादा,

मी पुन्हा विचार केला. हे प्रकरण वाटलं तितकं साधं नाही. घाईने झडप सोडू नकोस. आधी टाकी पूर्ण रिकामी करून चांगली वाळू दे. मग भरून ठेव आणि काटा उतरतो का ते रोज सकाळी बघ. आठवडाभर तरी बघ. हवामान बदललं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर प्रत्येक सांधा एकेक करून, आज हा, उद्या तो. दोन सांधे एकदम तपासले की माणसाचा गोंधळ होतो.

घाईत केलेली दुरुस्ती म्हणजे पुढच्या बिघाडाची पेरणी, असं आमचे उस्ताद म्हणत.

बारक्या

&nbsp;

९ मे

बारक्या,

तुझ्या सूचनेप्रमाणे सगळं केलं. टाकीतून अर्धा पेला पाणी निघालं, गंजाच्या रंगाचं. काटा रात्रभर हलत नाही. सांधे कोरडे. फ्यूज ठीक. रिले ठीक. डॅशबोर्डखालची तार मी स्वतः पाहिली, ती तर उत्तमच आहे. भोंगे उघडून पाहिले. स्वच्छ आहेत.

तुझे उस्ताद असं काही म्हणत नसत. ते शिव्या देत. मी त्यांना ओळखत होतो.

तेव्हा दोष झडपेत असणार. तिची नवी जोडीदारीण पाठव. बारा व्होल्टची. घाई नाही.

तुझी वहिनी पोहते. मी काठावर बसून तिच्या चपला सांभाळतो.

दादा

&nbsp;

१२ मे

भाऊजी,

एक चमत्कार झाला आहे. कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

ह्यांनी भोंगे उघडले त्या दिवशी मी तळ्यावर होते. परत आले तर हे शांतपणे चहा पीत बसलेले. म्हणाले, "भोंगे स्वच्छ आहेत." मी म्हटलं, "दोन्ही?" म्हणाले, "दोन्ही." माझा जीव खालीवर. दुसऱ्या दिवशी शिडी लावली. स्पंज जागच्या जागी आहेत! पण भाऊजी, ते धुतलेले आहेत. पिळून, वाळवून, नीट घडी करून परत बसवलेले. मी कोंबले होते, ह्यांनी बसवलेत.

एवढ्यावर थांबलं नाही. परवा माझी सुई डॅशबोर्डखाली गेली म्हणून वाकले, तर हॉर्नच्या बटणाची तार सुटलेली. तुटलेली नव्हे, सोडलेली. टोकाला चिकटपट्टी, आणि पट्टीचं शेवटचं टोक आत दुमडलेलं. टोक आत दुमडायची खोड जगात एकाच माणसाला आहे. फ्रीजमधल्या पिशव्यांनासुद्धा हे तसंच करतात, म्हणजे पुन्हा उघडताना नख लावावं लागत नाही.

म्हणजे पहिल्या सकाळी हॉर्न बंद पडला तो ह्यांनीच पाडला.

मी पुष्कळ विचार केला. कारण एकच दिसतं. आल्या दिवशी संध्याकाळी मी तळ्याकडे बघून म्हटलं होतं, "इथे राहायला मिळालं तर काय बहार येईल." हे तेव्हा पाण्याची नळी जोडत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला फुलाची एक पाकळी दिली नाही, भाऊजी. आणि आता हा अख्खा हॉर्न दिला.

आम्ही दोघंही याबद्दल बोलत नाही. रोज सकाळी चहाबरोबर हॉर्नची चर्चा होते. हे म्हणतात, "झडपच असणार." मी म्हणते, "झडपच." मग मी पोहायला जाते.

तुमची,
वहिनी

&nbsp;

२० मे

वहिनी,

दादाबद्दल वाचून बरं वाटलं. आता तुम्ही मला एक सांगितलंत, तर मीही एक सांगतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

अंगण उरलेलं नाही.

चिमणी दातांची डॉक्टर होऊन आली. तिला दवाखाना हवा. भाड्याच्या जागा बघितल्या, एकीतही खुर्ची आडवी होईना. मग तीच म्हणाली, "बाबा, अंगण रिकामंच तर आहे." मी तेव्हाच दादाचं नाव काढायला हवं होतं. काढलं नाही. पाया खणून झाला, भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. फाटकाजवळचा दगड मात्र काढला, तेवढं दादाचं ऐकलं.

अंगणात या, आपण दोघं भाऊ शेवटपर्यंत बरोबर राहू, हे मीच म्हटलं होतं. तुम्ही घर रिकामं करत होतात, सगळ्यांचे डोळे भरले होते, आणि अशा वेळी माणूस बोलून जातो. दादाने ते लक्षात ठेवलं. तो सगळंच लक्षात ठेवतो. तुमची धाकटी जाऊ म्हणते, पत्र लिहून सरळ सांगून टाका. धाकटीला सोपं आहे, ती दादाच्या हाताखाली सायकल शिकलेली नाही.

म्हणून मी झडप पाठवली आहे. ती बसेल, पण उघडणार नाही. चोवीस व्होल्टची आहे, दातांच्या खुर्चीतली. वरचा आकडा मी घासून काढला आहे. दादा महिनाभर तरी तिच्यात अडकेल.

हे त्याला सांगू नका. मी सांगणारच आहे. योग्य वेळ बघतो आहे.

बारक्या

&nbsp;

२८ मे

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला इथेच राहायचं आहे आणि तुमच्याकडे जागा नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी जमलं.

तसा झाला नाही. आम्ही न येणं वेगळं आणि तुम्ही येऊ न देणं वेगळं. पहिल्यात आम्हाला घर असतं.

चिमणीचा दवाखाना होऊ दे. तिच्यावर माझा राग नाही. तुमच्यावरही फार नाही. पण त्या घासलेल्या आकड्यावर आहे. ह्यांनी ती झडप तळहातावर घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "बारक्याने चांगली पॅक केली आहे." आणि तुमच्या पार्सलचा कागद नीट घडी करून ठेवला. टोक आत दुमडून.

ह्यांना मी काही सांगणार नाही. ते ऐकल्यावरचा ह्यांचा चेहरा मला बघायचा नाही.

वहिनी

&nbsp;

३० मे

बारक्या,

झडप मिळाली. बसवली. हॉर्न वाजत नाही.

झडप चांगली आहे. दोष गाडीचा असणार.

तुझ्या फाटकाची रुंदी मोजून कळव. गाडी आरशांसकट किती होते ते तुला माहीत आहे. आणि अंगणात आत आल्यावर वळायला किती जागा आहे तेही. पावलांनी मोजू नकोस, टेपने मोज.

दादा

&nbsp;

८ जून

दादा,

फाटक सध्या काढून ठेवलं आहे. रंगवायला दिलं आहे. रंगाऱ्याने फार वेळ लावला. ते परत आलं की लगेच मोजून कळवतो. टेपही जरा शोधावी लागेल.

झडपेबद्दल ऐकून वाईट वाटलं. दुसरी पाठवू का?

बारक्या

&nbsp;

१९ जून

भाऊजी,

हॉर्न वाजला.

सविस्तर लिहिते, कारण हे तुम्हाला तीन ओळींत लिहून मोकळे होतील.

मागच्या रविवारी आमच्या शेजारी एक नवी घरगाडी आली. तिच्यात एकटा एक गृहस्थ. आयुष्यभर वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या, आता निवृत्त. सगळे त्यांना परीक्षकच म्हणतात. सज्जन, आणि मदत करायचा भयंकर नाद. आल्या आल्या शिंपीणबाईंचा पंखा दुरुस्त केला, ऑफिसातल्या बाईंचं कुलूप दुरुस्त केलं. ह्यांनी बोलता बोलता हॉर्नचं सांगितलं, नेहमी सगळ्यांना सांगतात तसं. आम्ही बाजारात जाऊन आलो तोवर त्या माणसाने शिडी लावून, डॅशबोर्डखाली झोपून सगळं उलगडलं होतं. माझे स्पंज पायरीवर वाळत घातलेले. तार जोडलेली. जुनी झडप हत्यारांच्या डब्यात होती, ती काढून बसवलेली, आणि तुमची नवी फडक्यावर ठेवलेली.

"ही नवी मात्र बिघडलेली आली," परीक्षक म्हणाले. "दुकानदाराला परत करा."

हे म्हणाले, "बिघडलेली नाही. दुसऱ्या कामाची आहे."



"दाबा की," परीक्षक म्हणाले. तोवर निम्मा तळ जमला होता. ह्यांनी बटण दाबलं. भाऊजी, तळ्यावरचे सगळे पक्षी उठले. कुणाचं तरी कुत्रं पलंगाखाली गेलं ते जेवायला बाहेर आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांचा चेहरा मी पाहिला. घराला आग लागली असताना लोकांना टाळ्या वाजवताना बघणाऱ्याचा तो चेहरा होता.

आता नियम सगळ्यांना तोंडपाठ. शिंपीणबाई म्हणाली, "काका, हलवा आता चाक!"

हे स्टिअरिंगवर बसले. परीक्षक सवयीने शेजारच्या सीटवर बसले. मी मागे. गाडी तळाच्या दारापर्यंत गेली, सरळ, व्यवस्थित. दाराशी मोठा रस्ता. हे थांबले. एक ट्रक गेला. एक दुधाची गाडी गेली. मग रस्ता मोकळा झाला. हे थांबूनच.

"मोकळा आहे," परीक्षक म्हणाले.

"दिसतंय."

"मग?"

"दिसतंय ते पायाला कळतंय का ते बघतोय."

आणि ह्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मग सांगितलं. मला नाही, समोरच्या काचेला. इथे यायच्या आदल्या दिवशी एका अरुंद पुलावर समोर ट्रक थांबलेला होता. ह्यांना तो दिसला. ब्रेक दाबायचा हे कळलं. पण पाय उठला नाही. हात तेवढा हॉर्नवर गेला. हॉर्न ऐकून ट्रकवाला घाबरून पुढे सरकला म्हणून आम्ही वाचलो. मला तो पूल आठवतो. मी मागे लोकर गुंडाळत होते. मी ओरडले होते, "केवढ्यांदा वाजवता! बंब आहे का हा? थोडी लाज बाळगा."

म्हणजे हॉर्न बंद पाडला तो माझ्यासाठी नाही, भाऊजी. टोमॅटोंसाठी तर नाहीच. मला आता गाडी चालवता येत नाही, हे म्हणण्यापेक्षा हॉर्न वाजत नाही म्हणणं सोपं. मी फुलाच्या पाकळीचं लिहिलं होतं ते खोडून टाका.

परीक्षकांनी सीटचा पट्टा सोडला. मग म्हणाले, "मी जन्मभर लोकांना नापास केलं. स्वतःहून नापास झालेला तुम्ही पहिलेच."

हे हसले. खरंच हसले.

"पण गाडी दारात अडली आहे," परीक्षक म्हणाले. "मागे कोण घेणार?"

माझ्याकडे परवाना आहे, हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं. ह्यांना माहीत होतं, पण विसरले होते. लग्नाआधी काढला, दर वेळी नूतनीकरण करते, पर्समध्ये असतो. मोठ्या गाडीला चालतो. बाहेर काढायची वेळ कधी आली नव्हती, कारण घरात बंबचालक होता. मी जागा बदलली. परीक्षक म्हणाले, "आरसा." मी आरशात पाहिलं. गाडी उलटी नेऊन जागेवर लावली. वाटेत एका खांबाला जरा लागलं. खांब चुकीच्या बाजूला उभा होता.

टोमॅटो वाचले.

वहिनी

ता. क. ह्यांना झडपेचं माहीत आहे. कसं ते विचारलं नाही. तुम्हीही योग्य वेळ बघणं आता थांबवा.

&nbsp;

२७ जून

दादा,

हॉर्न वाजल्याचं कळलं. फार आनंद झाला.

अंगणाबद्दल एक सांगायचं होतं. ते जरा सविस्तर आहे, पत्रात नीट मावत नाही. पुढच्या वेळी लिहितो.

फाटक अजून आलेलं नाही.

बारक्या

&nbsp;

६ सप्टेंबर

बारक्या,

पुढच्या वेळची वाट पाहून झाली. म्हणून मी लिहितो.

चिमणीचं पत्र आलं. तिने सरळ लिहिलं आहे, 'काका, बाबांनी सांगितलंच असेल, अंगणात दवाखाना झाला, पंधरा तारखेपासून सुरू करते, तुम्ही आणि काकू याच.' लहानपणीही तीच एकटी तुमच्या घरात सरळ बोलायची. तू खुर्चीची बाजू बघ, धाकटी हिशेबाची बघेल, बाकी सगळं ती नीट चालवेल.

आम्ही येतो. चौदाला निघू. तुझी वहिनी चालवेल. परीक्षकांनी अडीच महिने तिला शिकवलं, म्हणजे तिच्यावर ओरडले. ती त्यांच्यावर जास्त ओरडली. आता ती घाटात माझ्यापेक्षा बरी उतरते. स्टिअरिंग तिच्याकडे, हॉर्न माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. कधी वाजवायचा ते तीच सांगते. बहुतेक वेळा सांगत नाही.

फाटकाची काळजी करू नकोस. गाडी रस्त्यावर उभी करू, एक रात्र राहू, दुसऱ्या दिवशी परत. टोमॅटो संपले, पण वहिनीने वांगी लावली आहेत. तूच सुचवलं होतंस म्हणे. आम्ही नसताना परीक्षक पाणी घालतील. इथल्या जागेचं मी ऑफिसातल्या बाईंशी बोललो आहे. पुढचं वर्षही आम्ही इथेच. तेव्हा अंगणाचा विषय संपला. मनात ठेवू नकोस. तुझं मन फार लहान आहे, त्यात आधीच गर्दी असते.

सोबत तुझी झडप पाठवतो आहे. ज्या दिवशी आली त्या दिवशीच मी ती गाडीच्या बॅटरीवर लावून पाहिली. हलली नाही. मग दिवे-पंखे चालवणारी घराची बॅटरी तिच्यापाठोपाठ जोडली, चोवीस व्होल्ट झाले, आणि झडप टक्कन उघडली. बंब चोवीसवरच चालतो, बारक्या. मी तो आवाज झोपेत ओळखतो. आकडा घासायला तुला बराच वेळ लागला असेल. कानस आडवी धरलीस. कानस आडवी धरायची नसते, हे मी तुला सायकलच्या वेळी सांगितलं होतं.

झडप उत्तम आहे. मी तिला तेल दिलं आहे आणि पाणी पुसून कोरडी केली आहे. आकडा पुन्हा कोरून दिला आहे, वाचता येईल असा.

चिमणीच्या खुर्चीला बसव. पहिला पेशंट मी. एक दाढ जूनपासून दुखते आहे. इथे कुणाला बोललो नाही.

दादा